एकशे बारा बदकं

१२ ऑक्टोबर, रविवार

हंगामाची पहिली पक्षीमोजणी झाली. गुडघे इतके बोलतायत की झोप येणार नाही, म्हणून ही वही काढली.

वरच्या तळ्यावर पोचायला साडेतीन तास लागतात. तळं राखीव आहे. खाली फाटक, फाटकावर रखवालदार, रखवालदाराकडे यादी. यादीत आमच्या तळ्यापुढे दोनच माणसं: एक मोजणारा, एक लिहिणारी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, दर महिन्याचा दुसरा रविवार. मोजणारे म्हणजे नकाशा कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. आयुष्यभर टेबलावर बसून डोंगर काढले, आता त्याच डोंगरांवर धापा टाकतात. लिहिणारी मी. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि त्या एका रविवारी मान खाली घालून आकडे लिहिते.

नियम पुस्तिकेत छापलाय. मोजणाऱ्याने दुर्बिणीवरून डोळा काढायचा नाही, लिहिणाऱ्याने कागदावरून. नजर हलली की तेच बदक दोनदा मोजलं जातं म्हणे. काठावर लाकडी खोपट आहे, त्याला टीचभर फट, त्या फटीत दुर्बीण. मोजून झालं की वारा सुटतो आणि उतरायची घाई होते. थोडक्यात, नऊ वर्षं मी त्या तळ्यावर जातेय आणि तिथलं एक बदक मी नीट पाहिलेलं नाही. लोक विचारतात, पक्ष्यांची फार आवड का हो? मी सांगते, नाही, हस्ताक्षर चांगलं आहे.

या मोजणाऱ्या गृहस्थांना काय म्हणायचं हे मला नऊ वर्षांत ठरवता आलेलं नाही. काका म्हणावं तर ते माझ्याहून फार तर आठ वर्षांनी मोठे. भाऊ म्हणायला जीभ वळत नाही. अहो म्हटलं तर वाटेतली माकडंसुद्धा वळून बघतील. म्हणून मी खाकरते. ते मला बाई म्हणतात, मास्तरणीला म्हणतात तसं.

हल्ली जरा शिष्ट झालेत. बोलताना माझ्याकडे बघतच नाहीत. मी समोर उभी, आणि हे माझ्या खांद्यापलीकडच्या झाडाशी बोलतात. पूर्वी पुढे चालायचे, आता मागून येतात. दगडांच्या उतारावर माझ्या पिशवीचा पट्टा धरतात. वय झालं, दुसरं काय.

कड्यावर रानबकरा उभा होता. मी म्हटलं, बघा. ते म्हणाले, 'वा, शिंगं काय आहेत!' तो बिनशिंगाचा होता, मादीच असावी. पण नकाशेवाल्यांना कोण सांगणार.

१४ ऑक्टोबर

दोन वर्षं झाली, ते चष्मा बदलायला आलेले नाहीत. समोरच्या गल्लीत चष्म्यांचं नवं, भिंतभर आरशांचं दुकान निघालंय, तिकडे जात असणार. जावं. आमच्याकडे काय, नुसते डोळे तपासतात. तिकडे कॉफी मिळते.

९ नोव्हेंबर, रविवार

पहाटे पाचच्या बसला दोघंच. वाटेत ओल्या मातीत कोल्ह्याची पावलं, दोरीत ओवल्यासारखी एका ओळीत. ओढ्यापाशी पाणमांजर दिसलं. मासा दोन्ही हातांत धरून, दादा कणीस खातो तसं खात होतं. मी त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं, तोंड कसं, मिशा कशा. ते म्हणाले, 'तुम्ही सांगता तेव्हा जास्त चांगलं दिसतं.' उगाच काहीतरी.

मोजणी छान झाली. मला त्यांचा मोजतानाचा आवाज आवडतो. इतर वेळी पुटपुटतात, पण दुर्बिणीला डोळा लागला की आवाज खाली जातो आणि एकेक आकडा ठेवल्यासारखा ठेवतात. 'टिबुकल्या. वीस.' मध्ये एक श्वास. 'पाणकावळे. नऊ.' मी इथे लिहितेय ते आवाज म्हणून, बाकी काही नाही.

वहिनी म्हणाली, 'वन्सं, त्या रविवारी तुम्ही केस धुता, हे बदकांना कळतं का?'

मी म्हटलं, धूळ असते वाटेत.

'जाण्याआधी?'

२१ नोव्हेंबर

मोजणी कचेरीचं पत्र आलंय. सगळीकडे पाणपक्षी घटतायत, एकट्या आमच्या तळ्यावर वाढतायत! तीन हिवाळे ओळीने चढता आकडा. हंगामाचे सगळे तक्ते वेळेवर आले तर आमचे परवाने एकदम पाच वर्षांसाठी देणार, शिवाय वार्षिक पुस्तिकेत छायाचित्र.

पाच वर्षं. दरवर्षी पाच रविवार, म्हणजे पंचवीस. मी हिशेब लगेच केला, त्यात माझी काय चूक? लिहिणारी आहे.

त्यांना फोन केला. आनंदाने उड्या माराव्यात असं माझं म्हणणं नाही, पण निदान 'बरं' तरी म्हणावं. तेही नाही. मग म्हणाले, 'मुलगी म्हणतेय, हा हिवाळा झाला की तिच्याकडे राहायला या.'

'मग काय म्हणालात?'

'म्हटलं, मोजणी आहे.'

मुलगी दुसऱ्या गावाला असते, बसने दोन तास. म्हणजे बदकं आहेत तोवर ते इथे आहेत. बदकांनो, वाढा.

१४ डिसेंबर, रविवार

नीट लिहायला हवं.

चढताना ऊन होतं. खोपटात बसलो तेव्हा तळं निळं होतं, तेवढं मी वाकायच्या आधी पाहिलं. काठाला पातळ बर्फ. त्यांनी दुर्बीण लावली, मी तक्ता मांडीवर घेतला. 'चांदवे. सत्तर.' 'टिबुकल्या. बावीस.' मी लिहीत होते. कागदावरचा उजेड जरा मंदावला, वाटलं ढग असेल. मग पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी पेन्सिल खिशातून काढताना मान वर झाली. मोजणी चालू असताना, नऊ वर्षांत पहिल्यांदा.

फटीत तळं नव्हतं. धुकं होतं. पाणी नाही, पलीकडचा काठ नाही, हाताच्या अंतरावरची झुडपं नाहीत. फटीत कुणी कापूस कोंबावा तसं पांढरं. आणि दुर्बिणीला डोळा लावून ते शांतपणे म्हणाले, 'लाल डोक्याची. एकशे बारा.'

मी लिहिलं. एकशे बारा.

हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे कधीतरी मला असं आठवायला लागेल की मी काहीतरी बोलले.

मग चहा ओतला आणि कप पुढे केला. त्यांचा हात कपाच्या डावीकडे गेला, थांबला, वाफ शोधत आला. मी दिवसाला वीस माणसांचे डोळे तपासते. आरशाच्या दुकानाचा राग मी दोन वर्षं केला.

उतरताना त्यांनी पट्टा धरला होता. मी प्रत्येक दगड मोठ्याने सांगत होते, थंडीत बोलल्याने ऊब राहते असं कारण देऊन.

१५ डिसेंबर

जुने तक्ते काढले. तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा जसाच्या तसा उतरलाय, दरसाल थोडी भर घालून. डिसेंबरातल्या टिबुकल्या अठरा, वीस, बावीस. सगळं माझ्या सुंदर हस्ताक्षरात.

दुकानात एका बाईंना चुकून वाचायच्या चष्म्याऐवजी लांबचा दिला. त्या म्हणाल्या, 'तुमचं लक्ष कुठंय?'

१७ डिसेंबर

दादा सोफ्यावर आडवा होऊन टीव्हीवर अस्वलं बघतो. त्याला एवढंच विचारलं, एखादा माणूस न दिसणारे पक्षी का मोजत राहील? तो म्हणाला, 'येडा असेल.' वहिनी भाजी चिरत होती. म्हणाली, 'किंवा शहाणा. पक्ष्यांसाठी कोण एवढं खोटं बोलतं?'

मग कशासाठी, विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी लपवलंय.

२० डिसेंबर

दुकान बंद करून त्यांच्याकडे गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा घर पाहिलं. भिंतीला नकाशे, जमिनीवर एकही वस्तू नाही. अडखळू नये म्हणून, हे आता कळतं. त्यांनी दार उघडलं आणि दाराच्या चौकटीकडे बघून म्हणाले, 'बाई! या.'

मी बसले नाही. म्हटलं, 'किती दिसतं?'

त्यांनी उगाच 'म्हणजे काय' वगैरे केलं नाही. 'कधी कळलं?'

'धुक्यात.'

'धुकं होतं?'

मी हो म्हटलं. ते हसायला लागले. हसता हसता खुर्चीत बसले. 'म्हणजे मी धुक्यात मोजत होतो! आणि तुम्ही?'

'मी लिहीत होते.'

मग मलाही आवरेना. दोन पोक्त माणसं एका रिकाम्या खोलीत डोळे पुसत बसली होती.

मोतीबिंदू नाही. तो असता तर मी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं असतं. आतला पडदाच मधोमध झिजलाय. जिथे बघावं तेवढंच नेमकं पुसलं जातं, कडेचं राहतं. उपाय नाही, दोन मोठ्या डॉक्टरांना दाखवलंय. बोलता बोलता म्हणाले, 'आता तुम्ही मला दिसायच्या असाल तर मला खिडकीकडे बघावं लागतं.'

आणि खिडकीकडे बघत राहिले.

मी तो दोन वर्षांचा शिष्टपणा आठवला. झाडं, फाटकाचे खांब, बसची काच. त्या सगळ्यांचा मी मत्सर केला होता. म्हणजे मत्सर नव्हे, राग. राग केला होता.

मी विचारलं, 'आणि हे आकडे?'

'पहिल्या वर्षी वाटलं, एवढा हिवाळा. मग वाटलं, अजून एक. कमी करायला हवे होते, पण हात धजेना. एकेक वाढवत गेलो.'

'पण कशासाठी? पक्षी तर दिसतच नव्हते.'

'नाही, पक्षी नव्हते दिसत,' ते खिडकीला म्हणाले. मग उठले. 'चहा टाकतो. बसा. साखर कुठे आहे ते मला पाठ आहे.'

प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलंच नाही. नकाशेवाले सगळे असेच, रस्ता विचारला तर कागद दाखवतात.

११ जानेवारी, रविवार

आज दुर्बिणीला मी बसले.

ठरवलं काहीच नव्हतं. खोपटात शिरलो, आणि ते लिहिणाऱ्याच्या बाकावर जाऊन बसले, मान खाली घालून. मला म्हणाले, 'डावीकडून उजवीकडे. परत फिरायचं नाही.'

नऊ वर्षं जी 'लाल डोक्याची' मी लिहीत आले, ती लाल नसतातच मुळी. भाजलेल्या विटेचा रंग असतो. पाठ राखाडी, पावसाळी आभाळासारखी. झोपताना मान मागे वळवून पिसांत चोच खुपसतात आणि पाणी नेईल तिकडे फिरत राहतात, आणि मधूनच एक डोळा उघडून जग जागेवर आहे का बघतात. हे मला कुणी सांगितलं कसं नाही? पण कोण सांगणार. त्यांना आकड्यांपलीकडे बोलायची बंदी, मला बघायची.

एकोणीस होती.

मी परत मोजली. नियम मोडून तिसऱ्यांदा मोजली. एकोणीस. टिबुकल्या सहा. चांदवे तीस. पाणकावळा एकही नाही. पलीकडच्या काठाला पाणी हिरवट होतं, साय धरल्यासारखं.

'किती?' त्यांनी विचारलं.

सांगवेना. पण आवाज उतरला की त्यांना कळतं. सांगितलं.

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, 'म्हणजे बाकीची कुठे गेली हे कुणी शोधलंच नाही. शोधतील कशाला? माझ्या कागदावर ती मजेत होती.'

'आपल्या,' मी म्हटलं. 'अक्षर माझं आहे.'

वारा सुटला तरी उठलो नाही. मी त्यांना एकोणीसच्या एकोणीस बदकं सांगितली. एक पाय हलवत होतं, एक दुसऱ्याला ढकलत होतं, एक लांब एकटं होतं. ते ऐकत होते आणि फटीच्या कडेकडे बघत होते. उतरायला उशीर झाला, रखवालदार ओरडला.

१३ जानेवारी

खरा तक्ता पाठवला तर मागचे सगळे खोटे ठरणार. परवाने जाणार. परवाने गेले की मोजणी नाही, मोजणी नाही की ते मुलीकडे.

आज मी एका कोऱ्या तक्त्यावर 'लाल डोक्याची: ११८' लिहून पाहिलं. किती छान दिसतं. आठ तर मला नेहमीच चांगला येतो.

१६ जानेवारी

दोन्ही तक्ते पिशवीत घेऊन फिरतेय. टपालपेटी दुकानाच्या समोरच आहे. तिच्यासमोरून दिवसाला चारदा जाते आणि चारदा काहीतरी विसरल्यासारखं करते.

कुणाला काय फरक पडतो? बदकांना वाचता येत नाही. कचेरीला वाढ हवीच आहे. नुकसान कुणाचं? असं मी स्वतःला छान पटवत आणते, आणि मग ते लांबचं एकटं बदक एक डोळा उघडतं.

१९ जानेवारी

ते दुकानात आले. एकटे, काठी घेऊन, दोन रस्ते ओलांडून. गिऱ्हाईक मशीनला हनुवटी टेकून बसलं होतं, त्याला मी तसंच ठेवलं.

ते म्हणाले, 'पत्रात लिहा की खोटं मी बोललो, तुम्हाला ठाऊक नव्हतं. सही मी करतो. कुठे करायची तिथे बोट ठेवा.'

मी म्हटलं, 'धुक्यातले एकशे बारा कुणी लिहिले?'

'ते त्यांना कशाला सांगायचं?'

'खरं सांगायचंय ना? मग अर्धं कशाला?'

'बाई, तुमचा परवाना तरी राहील. दुसरा मोजणारा देतील.'

मला एवढा संताप आला की गिऱ्हाईक दचकून मागे सरलं. 'दुसरा मोजणारा मी काय करू?' मी म्हटलं. 'लोणचं घालू?'

ते काठीच्या मुठीवर बोट फिरवत राहिले. गिऱ्हाईक म्हणालं, 'मी नंतर येऊ का?'

२१ जानेवारी

पत्र टाकलं. दोघांच्या सह्या, माझी आधी. तीन वर्षांचे आकडे रद्द धरावेत, पाणी तपासावं, इत्यादी. टपालपेटीत हात घातल्यावर पाकीट सोडायला वेळ लागला. मागे एक बाई उभी होती. म्हणाली, 'अडकलंय का?' मी म्हटलं, हो, थोडंसं.

४ फेब्रुवारी

कचेरीचं उत्तर तीन ओळींचं. परवाने आजपासून रद्द. पाण्याचे नमुने घ्यायला माणसं पाठवतोय. तिसरी ओळ: 'कळवल्याबद्दल आभार.' ती हाताने लिहिलेली आहे, अक्षर वाईट.

मोजणीचा शेवटचा रविवार आमच्याविनाच जाणार.

१५ फेब्रुवारी

आज गेले मुलीकडे. बसस्टँडवर मी होते. मुलगी सामान चढवत होती. आम्ही दोघं हवामानाबद्दल बोललो. नऊ वर्षांत हवामानाबद्दल इतकं कधी बोललो नव्हतो.

बस सुटताना त्यांनी कुणाकडे तरी हात केला. माझ्या शेजारी एक माणूस संत्री विकत होता, त्याने उलट हात केला. तो हात माझा होता, हे त्याला सांगून काय उपयोग.

वहिनीने रात्री काही विचारलं नाही. ताटात वाढलं आणि शेजारी बसून राहिली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

८ मार्च, रविवार

धाकट्या तळ्यावर जाऊन आले. एकटी.

त्या तळ्याला नाव नाही, फाटक नाही, रखवालदार नाही, कारण तिथे मोजण्यासारखं काही नाही. डबकंच म्हणा. वर जायला दोन तास. वाट कुणी वापरत नाही, म्हणून नीट लिहून काढली:

बसथांब्यापासून कुंपणाला डावा हात लावून दोनशे पावलं. मग मुळं, आडवी, गुडघ्याएवढी उंच, सात. ओढ्यावर फळी, एकावेळी एक माणूस, पुढच्याने हात मागे द्यावा. त्यानंतर मोकळे दगड, तिथे मध्ये बघायची गरज नाही, कडेचं दिसलं तरी पुरतं. वर सपाट खडक, दोन माणसं बसतील एवढा. फट नाही. सगळं उघडं.

पाण्यावर एक टिबुकली होती. बुडी मारायची, मी श्वास धरायची, भलतीकडेच वर यायची. पलीकडे हरणी पाणी प्यायला आली, कान दोन दिशांना. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. कान कसे, पाय कसा उचलला. अर्धं सांगून झाल्यावर लक्षात आलं की शेजारी कुणी नाही. तरी उरलेलं सांगून संपवलं, अर्धवट कसं सोडणार.

९ मार्च

जेवणाच्या सुट्टीत दुकानातून फोन लावला. मुलीने उचलला. ते दवाखान्यात गेले होते, जावयाबरोबर.

मी म्हटलं, 'मी मोजणीतली...'

'हो हो, मावशी, बोला ना.' मला तिने ओळखलं कसं, विचारायचं राहिलं. मग तीच म्हणाली, 'बरं झालं फोन केलात. काल बाबा पहाटे पाचला उठून बूट घालून स्वयंपाकघरात बसले. मी म्हटलं, बाबा, कुठे? म्हणाले, दुसरा रविवार आहे. म्हटलं, अहो मोजणी बंद झाली ना, आणि हंगामसुद्धा संपला. म्हणाले, माहितीय. आणि बसून राहिले. अकरा वाजेपर्यंत बूट काढले नाहीत. मला कळेना काय करावं. काही निरोप द्यायचाय का?'

सांगायचं पुष्कळ होतं. तळं, फळी, खडक, शनिवारची दुपारची बस, दादाची रिकामी खोली, सगळं मी कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर वाचता येईना, आणि माझे डोळे तर परवाच तपासलेत.

'बुटांचे तळ कसे आहेत?' मी विचारलं.

'तळ? थांबा हं, बघते.' पावलं गेली, आली. 'अगदी गुळगुळीत झालेत, मावशी.'

'मग शनिवारच्या आत नवे घ्या,' मी म्हटलं. 'ओढ्यापाशी शेवाळ आहे.'